पडद्याच्या कापडाची विजार आणि एव्हरेस्ट (जुन्को ताबेईबद्दल थोडी मदत हवी)

वडगावची_सुई | ४ जानेवारी, रात्री १०.५०

मंडळी, नमस्कार. वाचते रोज, लिहिते पहिल्यांदाच. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आमच्या बेळगावातल्या गल्लीत संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण लुटायच्या आधी कुणीतरी वीसेक मिनिटं बोलायचं असतं. गेल्या वर्षी एक डॉक्टरीणबाई मधुमेहावर बोलल्या. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि लगेच तिळाच्या वड्यांचं ताट फिरलं. यंदा ते माझ्या गळ्यात पडलंय. कारण एवढंच, की श्रावणात आम्ही सहा जणी दर सोमवारी देवरवाडीपासून वैजनाथला चढून जात होतो, आणि दोनदा तर पुढे महिपालगडापर्यंत गेलो. त्यामुळं गल्लीच्या हिशेबी मी आता 'डोंगरवाली'.

मला जुन्को ताबेईवर बोलायचंय. एव्हरेस्टवर पोचलेली पहिली बाई, १६ मे १९७५. पण खरं सांगू का, मला त्या बाईनं धरून ठेवलं ते शिखरामुळं नाही, शिवणकामामुळं. मी ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते, दिवाळीच्या आधी पडदे आणि अभ्रे. आणि ही बाई न् तिच्या मैत्रिणी मोहिमेला पैसे पुरेनात म्हणून घरातल्या जुन्या पडद्यांच्या विजारी शिवत होत्या! मोटारीच्या सीटच्या कव्हरातून पाणी न शिरणारे हातमोजे बेतले. पिसं विकत आणून झोपायच्या पिशव्या स्वतः भरल्या. शाळेतल्या पोरांच्या जेवणातली न फोडलेली जॅमची पाकिटंसुद्धा त्यांच्यासाठी गोळा झाली. जाड पडद्याला दुहेरी शिलाई मारताना किती सुया मोडतात ते मला विचारा.

बाकी जमवलेलं थोडक्यात. जन्म १९३९, फुकुशिमा भागातलं मिहारू गाव. लहानपणी अशक्त म्हणून ओळखली जायची. दहा वर्षांची असताना शिक्षकांबरोबर नासूच्या डोंगरावर गेली आणि तिथं वेड लागलं. कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकली. नंतर गिर्यारोहकांच्या क्लबात गेली तर काही पुरुष तिच्याबरोबर चढायलाच तयार नव्हते, आणि काहींना वाटलं की ही नवरा शोधायला आली आहे. मग १९६९ साली तिनं बायकांचाच क्लब काढला. १९७० मध्ये अन्नपूर्णा-३ चढून आल्या. एव्हरेस्टसाठी पैसे मागत फिरल्या तेव्हा ऐकून घ्यावं लागलं की घरी बसा, पोरं वाढवा. शेवटी योमिउरी शिंबून हे वृत्तपत्र आणि निप्पॉन टीव्हीनं मदत केली. तरी प्रत्येकीला स्वतःचे साधारण १५ लाख येन घालावे लागले, म्हणजे त्या वेळचा तिकडचा जवळजवळ वर्षाचा पगार. त्यासाठी ही बाई पियानोच्या शिकवण्या घेत होती.

आता माझी अडचण. पहिला प्रश्न काय येणार ते मला आत्ताच ठाऊक आहे. एव्हरेस्टला गेली तेव्हा तिची मुलगी तीन वर्षांची होती. पुढच्या रांगेतून आवाज येणार, "आणि पोरीला कोण बघत होतं गं?"

काय सांगू?

तिळगूळ_घ्या | ४ जानेवारी, रात्री ११.१२

वाचतेय. सांगा की, 'पोरीचा बाप बघत होता'. पुढं काय झालं तेही इथं येऊन सांगा. पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत).

कुंदा_आणि_मांडे | ५ जानेवारी, सकाळी ७.३०

ताई, धागा छान. शिवणकामाची बाजू मला माहीत नव्हती. पण एक शंका विचारतो, राग मानू नका. रस्ता शेर्पांनी करायचा, दोर शेर्पांनी बांधायचे, ओझं शेर्पांनी वाहायचं, आणि फोटो मात्र ह्यांचा. ताबेईबाईंना तर हिमकड्याखालून शेर्पानंच उपसून काढलं असं वाचलंय. मग नेमकं कौतुक कशाचं? हा प्रश्न पुरुषांनाही लागू आहे, त्यामुळं मला लगेच जुनाट ठरवू नका.

निवृत्त_हवालदार | ५ जानेवारी, सकाळी ९.०५

वरच्या शंकेवर लिहितो. मी पलटणीत एकवीस वर्षं काढली, त्यातली काही बर्फात. एव्हरेस्ट पाहिलेलं नाही, पण बर्फाखाली गाडला गेलेला माणूस पाहिलाय.

४ मे १९७५ ची गोष्ट आहे. मध्यरात्र उलटली होती. कॅम्प दोन, साधारण ६,३०० मीटर. ताबेई आणि आणखी काही जणी तंबूत झोपल्या होत्या, आणि वरून हिमप्रपात आला. जे लोक टीव्हीवर भुरभुर बर्फ बघतात त्यांना कल्पना नसते. प्रपात थांबला की तोच बर्फ सिमेंटसारखा आवळतो. हात हलवता येत नाही. पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत बाहेर काढलं तर वाचायची आशा, नंतर झपाट्यानं संपते. ती सहाएक मिनिटं बेशुद्ध होती. शेर्पांनी ओढून काढली, हे बरोबर. नंतर दोन दिवस तिला नीट चालता येत नव्हतं.

आणि बाराव्या दिवशी ती शिखरावर होती.

शेर्पा तुम्हाला बर्फातून बाहेर काढतो. पुन्हा वर जायचं की खाली, ते तो ठरवत नाही. मी चांगले धडधाकट जवान बघितलेत, एकदा असा मार खाल्ल्यावर पुढची पोस्टिंग टाळायला काय काय कारणं काढतात. त्यांना नावं ठेवत नाही, मीही काढली आहेत.

दुसरं म्हणजे ओझ्याचं. वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या एक तृतीयांशच राहतो. तुमचा पाय तुम्हालाच उचलावा लागतो, तो काही शेर्पा उचलून पुढं ठेवत नाही. शेर्पांना मान कमी मिळतो हे तुमचं म्हणणं मात्र शंभर टक्के खरं. तिच्याबरोबर शिखरावर आंग त्सेरिंग होते. ताई, भाषणात त्यांचं नाव घ्या.

वडगावची_सुई | ५ जानेवारी, दुपारी २.२०

हवालदार दादा, घेते नाव. लिहून ठेवलं.

एक विचारायचं राहिलं. मोहिमेत पंधरा जणी होत्या ना, मग वर एकटीच का गेली? भांडणं झाली का?

म्हादईकाठ | ५ जानेवारी, रात्री ८.४५

खानापूरकडून नमस्कार. सुईताई, दोघींना वर पाठवायचा बेत होता. पण शेर्पा उंचीच्या त्रासानं आजारी पडले, दोघींना पुरतील एवढ्या प्राणवायूच्या टाक्या वरच्या कॅम्पपर्यंत पोचल्याच नाहीत. मग एकीलाच जाता येणार. मोहिमेच्या प्रमुख एइको हिसानो होत्या, त्यांनी ताबेईचं नाव पुढं केलं. हे हिसानो नाव कुणाच्या तोंडी नसतं. स्वतः प्रमुख असून दुसरीला वर पाठवणारी बाई. आपल्याकडं सहकारी सोसायटीची निवडणूक आठवून बघा.

आता खरी मजा. शिखराच्या अलीकडं, दक्षिण शिखर ओलांडलं की बर्फाची एक धार लागते. सुरीच्या पात्यासारखी. आधी जाऊन आलेल्यांच्या वर्णनात ह्या धारेचा उल्लेखच नव्हता म्हणून बाई भयंकर चिडली होती. तिच्यावर उभं राहून चालता येईना. मग ती आडवी सरकत गेली, कमरेवरचं अंग चीनच्या बाजूला आणि कमरेखालचं नेपाळात!

हे वाचलं आणि मी एकटाच मोठ्यानं हसलो. बायको म्हणाली काय झालं. म्हटलं, ही तर आपल्याकडची निघाली. आपण रोज तेच करूलालोय की. घर कर्नाटकात, शेत महाराष्ट्रात, मुलगी चंदगडला दिलेली, पेन्शन बेंगळूरहून. फक्त आपल्या खाली दोन-अडीच हजार मीटरची दरी नाही.

संपादक | ५ जानेवारी, रात्री ९.१०

सीमाप्रश्नावर स्वतंत्र धागे आहेत, पुरेसे आहेत. इथं डोंगरावरच राहा.

म्हादईकाठ | ५ जानेवारी, रात्री ९.१५

राहिलो.

पहिलं_गेट | ६ जानेवारी, सकाळी ६.५५

मी ह्या मंडळातला बहुतेक सगळ्यात वयस्कर. टिळकवाडीत राहतो, सकाळी फिरून येतो आणि मग इथं लिहितो.

ताबेई थोर, वादच नाही. पण सुईताई, एव्हरेस्टवर पोचलेली पहिली भारतीय बाई, बचेंद्री पाल, तिला विसरू नका. २३ मे १९८४, दुपारी एक वाजून सात मिनिटं. ती वेळ मला पाठ आहे, कारण त्या वर्षी मी शाळेत नववीच्या वर्गाला भूगोल शिकवत होतो. जूनमध्ये शाळा उघडल्यावर फळ्यावर पहिल्यांदा हीच वेळ लिहिली होती. पोरांना म्हटलं, पाठ करा. एका मुलीनं विचारलं, "सर, परीक्षेला येणार का?" मी म्हटलं नाही. मग कुणीच पाठ केली नाही.

तुमच्या शिवणकामाच्या धाग्याला हा दोरा जुळतो म्हणून सांगतो. बचेंद्री उत्तरकाशीजवळच्या नाकुरी गावची. वडील तिबेटच्या बाजूला माल नेऊन विकणारे लहान व्यापारी. घरची ओढाताण. ह्या मुलीनं शिवणकाम करून शिक्षणाचा खर्च भागवला. संस्कृतमध्ये एम. ए. केलं, बी. एड. केलं. एवढं शिकून मनासारखी नोकरी मिळेना, आणि नातेवाइकांना ती मास्तरीण व्हावी असं वाटत होतं. ती गेली नेहरू गिर्यारोहण संस्थेत. १९८२ साली गंगोत्री-१ आणि रुद्रगैरा. दोन वर्षांत एव्हरेस्ट.

आणि बघा, तिच्यावरही हिमकडा कोसळलाच. मे १९८४, एव्हरेस्टला लागून असलेल्या ल्होत्से शिखराच्या उतारावर, साधारण ७,३०० मीटरवर, बुद्धपौर्णिमेच्या रात्री. डोक्याला मार बसला. सहकाऱ्यानं चाकूनं तंबू फाडून तिला बाहेर काढलं. बरेच जण खाली परतले. ती आठवड्याभरात शिखरावर. बरोबर आंग दोरजी, तो तर कृत्रिम प्राणवायूशिवाय.

शिखरावर तिनं लाल कापडात गुंडाळलेली दुर्गेची प्रतिमा आणि हनुमान चालिसा बर्फात ठेवली. हे सांगितलंत तर तुमच्या हळदीकुंकवाला पुढच्या रांगेतल्या बायकाही ऐकतील. अनुभवाचे बोल आहेत.

अवांतर: एव्हरेस्टवर गेलेली दुसरी बाई कोण हे पन्नास जणांना विचारून बघा. फांतोग, तिबेटी, चीनच्या मोहिमेतून उत्तरेच्या बाजूनं, ताबेईनंतर अवघ्या अकरा दिवसांनी. तिसरी पोलंडची वांदा रुत्कीएविच, १९७८. ती पुढं १९८६ साली के-२ वर जाणारी पहिली बाई ठरली. दुसऱ्या नंबराला कुणी विचारत नाही, शाळेतही हेच.

निपाणीची_सून | ६ जानेवारी, दुपारी ३.४०

मी फार लिहीत नाही. पण 'पोरीला कोण बघत होतं' हा प्रश्न काल रात्रीपासून डोक्यातून जाईना.

आपण लहानपणापासून हिरकणीची गोष्ट ऐकतो. रायगडाचे दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ, ही गवळण अंधारात कडा उतरून गेली. महाराजांनी खणनारळानं ओटी भरली आणि बुरूज बांधला. मीही माझ्या मुलाला शंभर वेळा सांगितली असेल.

आता बघा. कडा तोच, बाई तीच, धाडसही तेच. ती बाळाकडं *खाली* आली म्हणून बुरूज. समजा हिरकणी बाळाला सासूजवळ ठेवून, नुसतं 'वरून कसं दिसतं ते बघून येते' म्हणून तोच कडा *चढली* असती, तर तिला काय मिळालं असतं?

माझी सासू तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. माझा नवरा सहा महिन्यांचा असताना शेजारणीकडं ठेवून. तेव्हा कुणी विचारलं नाही पोराला कोण बघतंय. बाई पैशासाठी बाहेर गेली तर चालतं. हौसेसाठी गेली तर पोराची आठवण सगळ्या गावाला होते.

कुंदा_आणि_मांडे | ६ जानेवारी, सायंकाळी ६.०२

सूनबाई, हिरकणीला ओढायची गरज नव्हती असं आधी लिहिणार होतो, पण मुद्दा आहे. खोडून टाकलं.

तरी माझं एक राहतंच. तीन वर्षांचं मूल घरी असताना जिथून माणूस परत येईलच असं नाही तिथं जाणं मला पटत नाही. आई असो की बाप.

निवृत्त_हवालदार | ६ जानेवारी, सायंकाळी ७.३०

माझा थोरला दोन महिन्यांचा होता तेव्हा मी सियाचीनला गेलो. स्टेशनवर सगळी भावकी आली होती, हार घातले. पोराला कोण बघणार हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

कुंदा_आणि_मांडे | ६ जानेवारी, सायंकाळी ७.४४

दादा, तुम्ही ड्यूटीवर गेला होता. त्यात आणि ह्यात फरक आहे.

निवृत्त_हवालदार | ६ जानेवारी, सायंकाळी ७.५१

आहे. पोराच्या बाजूनं बघितलं तर नाही.

कांड्या_आणि_कळा | ६ जानेवारी, रात्री १०.३०

शहापुरातून. आमच्याकडं दोन माग आहेत. आई दिवसभर कांड्या भरायची, मी शाळेतून आले की बसायचे.

मला ह्या सगळ्यात नवऱ्याची गोष्ट सांगावीशी वाटते. मासानोबू ताबेई स्वतः कसलेला गिर्यारोहक. दोघांची ओळखच डोंगरात झाली. जुन्कोच्या आईचा लग्नाला विरोध होता, का तर मुलगा पदवीधर नाही. (सगळीकडं मातीच्याच चुली!) हाच माणूस पुढं बायको एव्हरेस्टला निघाली तेव्हा मुलीसह घर बघायला मागं थांबला. सुईताई, पुढच्या रांगेला एवढंच सांगा. 'बाप बघत होता' म्हटलं की अर्ध्या बायका आपापल्या नवऱ्याचा चेहरा आठवून गप्प बसतील.

आणि ती परतल्यावर पेपरवाल्यांनी काय लिहावं? 'गृहिणी'. अन्नपूर्णा चढलेली, क्लब काढलेली, मोहिमेची उपप्रमुख, नोकरीत भौतिकशास्त्राच्या नियतकालिकाचं संपादन सांभाळलेली. तिची उंची पाच फुटांच्याही आत, त्याचीच बातमी जास्त. ती म्हणायची की मला एव्हरेस्ट चढलेली छत्तिसावी व्यक्ती म्हणून लक्षात ठेवा. मला आधी ते नम्रपणाचं वाटलं होतं. आता वाटतं बाई वैतागून म्हणत असणार.

दुसरं_गेट_पोरगी | ७ जानेवारी, रात्री १२.१५

मी बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. हा धागा सलग दोनदा वाचला. मला खरंच गिर्यारोहण शिकायचंय. रील बघून नाही, दोन वर्षांपूर्वी बदामीच्या लाल दगडावर एका शिबिरात चढले होते तेव्हापासून. कोर्स कुठं असतो, किती दिवसांचा, कुणी सांगेल का? घरी अजून काही बोलले नाही. आई एक वेळ ऐकेल. पप्पा म्हणतील, लग्नानंतर काय करायचं ते कर.

पहिलं_गेट | ७ जानेवारी, सकाळी ७.१०

बाळ, लग्नानंतर सासरचे म्हणतील, आधीच करून यायचं होतं. हे मी चाळीस वर्षं ऐकतोय, तुझ्यासारख्या पुष्कळ विद्यार्थिनींच्या बाबतीत. तेव्हा त्या रांगेत उभीच राहू नको.

म्हादईकाठ | ७ जानेवारी, सकाळी ९.४०

पोरी, नीट वाच. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था १९६५ ची, दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट १९५४ ची, एव्हरेस्ट पहिल्यांदा चढलं गेलं त्याच्या पुढच्या वर्षी सुरू झालेली. दोन्हीकडं 'बेसिक' कोर्स असतो, साधारण चार आठवड्यांचा. त्यात खडकावर चढणं, बर्फावर चालणं, दोर, गाठी, बर्फकुऱ्हाड वापरणं, पाठीवर सामान घेऊन उंची गाठणं, सगळं. 'ए' श्रेणी मिळाली तरच पुढं 'ॲडव्हान्स'ला घेतात, त्यामुळं पोहायला शिकल्यासारखं सहज घेऊ नको. फक्त मुलींच्या तुकड्याही असतात, हे पप्पांना आवर्जून सांग. जागा लवकर भरतात, नाव बरंच आधी घालावं लागतं. आरोग्य तपासणीचं प्रमाणपत्र लागतं.

आत्तापासून काय करायचं तर पाठीवर दहा किलो घेऊन जिने चढ. मग राजहंसगड. मग वैजनाथ, सुईताईंच्या टोळीबरोबर. भीमगडाकडं मात्र आपलं आपण जायचं नाही, ते अभयारण्य आहे, वनखात्याची परवानगी लागते, आणि अस्वलं परवानगी बघत नाहीत.

लांबची उदाहरणं नको असतील तर साताऱ्याची प्रियांका मोहिते बघ. एव्हरेस्ट २०१३ मध्ये. मग ल्होत्से, मकालू, २०२१ मध्ये अन्नपूर्णा-१, तिथं पोचलेली पहिली भारतीय बाई. २०२२ मध्ये कांचनजुंगा. आठ हजार मीटरच्या वरची पाच शिखरं करणारी पहिली भारतीय बाई. सातारा म्हणजे आपल्या हायवेवरचंच गाव की, पुण्याला जाताना चहाला थांबतो ते.

निपाणीची_सून | ७ जानेवारी, दुपारी १.१५

कोल्हापूरची कस्तुरी सावेकरसुद्धा, २०२२ मध्ये एव्हरेस्टवर. निपाणीहून कोल्हापूर तर आम्ही बांगड्या भरायला जातो.

पोरी, पप्पांना एकदम एव्हरेस्ट सांगू नको. 'कोर्स' म्हण. सर्टिफिकेट मिळतं म्हण. सर्टिफिकेट म्हटलं की बापमाणसं थोडी ढिली पडतात.

वडगावची_सुई | ७ जानेवारी, रात्री ११.००

काय काय सांगूलालाय सगळे! माझी वही भरली. वीस मिनिटांत हे बसवू कसं?

निपाणीच्या वहिनी, तुमची हिरकणी मी उचलणार आहे, आधीच सांगून ठेवते.

तुमचं वाचून मला आमच्याच टोळीचं एक लक्षात आलं. श्रावण सोमवार होता म्हणून आम्हाला सोडलं घरच्यांनी. वैजनाथाचं दर्शन म्हटलं की सासू स्वतः दशम्या बांधून देते. नवरात्रात दुर्गामाता दौडीला पहाटे पाचला अख्खी गल्ली बाहेर पडते, पोरीबाळी सगळ्या, कुणी काही म्हणत नाही. पण भाद्रपदात एका रविवारी आम्ही म्हटलं, चला, उगाच जाऊन येऊ, तर पहिला प्रश्न, "आज काय आहे?" काहीच नव्हतं. सहातल्या दोघीच आल्या. देवाचं नाव घेतलं की डोंगर जवळ येतो आणि नुसतं पायांचं नाव घेतलं की लांब जातो, असं काहीतरी आहे ते.

कुंदा_आणि_मांडे | ८ जानेवारी, सकाळी ७.१५

ताई, शेवटचं वाक्य भाषणात टाकू नका, कवितेसारखं वाटतंय. भाद्रपदातला रविवार टाका.

आणि एक जोडा. बाईंनी २००० साली क्युशू विद्यापीठातून एम. ए. केलं, विषय एव्हरेस्टवरचा कचरा. साठी गाठल्यावर. वैजनाथच्या पायऱ्यांवर कुरकुऱ्याची पाकिटं कोण टाकतं हा विषय त्या निमित्तानं काढता येईल. (मी टाकत नाही. माझा मेहुणा टाकतो.)

पहिलं_गेट | ८ जानेवारी, सकाळी ७.३०

शेवट कसा करावा विचाराल तर, १९९२ साली सातही खंडांची सर्वोच्च शिखरं करणारी ती पहिली बाई झाली, हे आहेच. पण माझा कल दुसऱ्या गोष्टीकडं आहे. २०११ च्या भूकंप-त्सुनामीनंतर ती आपल्या फुकुशिमातल्या शाळकरी मुलांना घेऊन फुजी पर्वतावर जायची. २०१२ मध्ये कर्करोग झाला. २०१६ च्या जुलैमध्येही त्या मुलांबरोबर फुजीच्या चढावर होती. ऑक्टोबरमध्ये गेली. सत्त्याहत्तर वर्षांची.

मास्तर असल्यामुळं मला हेच जास्त लागतं. दहा वर्षांच्या अशक्त मुलीला डोंगरावर नेणारा तो शिक्षकही त्यात दिसतो.

वडगावची_सुई | १९ जानेवारी, रात्री १०.२०

झालं भाषण! वीस मिनिटांचं पस्तीस झालं. वड्या गार पडल्या नाहीत कारण त्या गारच असतात.

प्रश्न आला. पण पुढच्या रांगेतून नाही. मागून, आणि विचारला आमच्या गल्लीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या आक्कांनी. वय पंच्याऐंशीच्या पुढं. मी म्हटलं, बाप बघत होता. आक्का म्हणाल्या, "बरं झालं." आणि थोडं थांबून, "त्या पडद्याच्या विजारीला अस्तर लावलं होतं का?"

मला ठाऊक नव्हतं. आक्कांनी आयुष्यभर गोधड्या शिवल्यात. त्यांनी मग सगळ्यांसमोर दहा मिनिटं सांगितलं, थंडीसाठी दोन कापडांच्या मध्ये काय घालायचं आणि टाके किती लांब घ्यायचे म्हणजे आतला कापूस गोळा होत नाही. माझ्या भाषणापेक्षा ते जास्त रंगलं. जुनेरं किती, दोरा कुठला, सगळं.

हिरकणीला दोघी-तिघी नाराज झाल्या. एक म्हणाल्या, आईपणाला असं बोलू नये. मी वाद घातला नाही. परत जाताना त्याच मला बाजूला घेऊन म्हणाल्या, पुढच्या वेळी वैजनाथला निघालीस की सांग, पण ह्यांच्यासमोर फोन करू नको.

आंग त्सेरिंगचं नाव घेतलं, हवालदार दादा. हिसानोंचंही. दोन्ही नावं म्हणताना जीभ अडखळली, बायका हसल्या, पण घेतली.

तर आता ठरवलंय. २ तारखेचा रविवार. त्या दिवशी काही नाही. सण नाही, सोमवार नाही, संकष्टी नाही, मी कॅलेंडर बघून घेतलंय. सकाळी सहाला शिनोळीच्या रस्त्यानं निघायचं, देवरवाडीतून वर, वैजनाथ करून महिपालगड, दुपारी बारापर्यंत खाली. आत्तापर्यंत नऊ जणी. दुसऱ्या गेटची पोरगी येतेय का?

दुसरं_गेट_पोरगी | १९ जानेवारी, रात्री १०.४१

येते! आईलाही घेऊन येऊ का? तिला मी 'कोर्स'बद्दल सांगितलं. ती म्हणाली, आधी ह्या बायका कोण आहेत ते बघते.

वडगावची_सुई | १९ जानेवारी, रात्री १०.४६

आण की. कॅनव्हासचे बूट असतील तर ते घालायला सांग, चपलेवर उतरताना घसरतं.

कांड्या_आणि_कळा | १९ जानेवारी, रात्री ११.०२

मी अकरावी. शेंगाचटणी माझ्याकडं. भाकऱ्या कोण आणतंय?

निवृत्त_हवालदार | २० जानेवारी, सकाळी ६.३०

माझ्याकडं तीस मीटरचा जुना दोर आहे. तिथं लागणार नाही, पण पोरीला गाठी शिकायला होईल. शनिवारी संध्याकाळी वडगावात आणून देतो. घराची खूण कळवा.

तिळगूळ_घ्या | २० जानेवारी, सकाळी ८.००

भाकऱ्या माझ्याकडं, पण मी सव्वासहाला येईन. पाणी सहाला सुटतं आमच्याकडं, भरल्याशिवाय निघता येत नाही.

वडगावची_सुई | २० जानेवारी, सकाळी ८.१२

चालेल. मग सगळ्याच सव्वासहाला निघू.